दुसरी सही

डॉक्टर लोकांना मी चेहऱ्यावरून ओळखत नाही, त्यांच्या उष्ट्या हत्यारांवरून ओळखते. तळघरात माझ्यासमोर ट्रे येऊन पडला की झाकण काढण्याआधी सांगते, वर कुणी कापलंय. एक मोठे सर्जन आहेत, त्यांना बघून पेशंटचे नातेवाईक खुर्चीवरून उठतात. पण कात्रीवर रक्त असं वाळवून पाठवतात की करपलेल्या दुधाचं पातेलं बरं. दुसऱ्या एकांचा चिमटा दर महिन्याला वाकून येतो. ते त्याने बाटल्यांची झाकणं उघडत असणार, असा माझा जुना संशय आहे. सर्जन किती का मोठा असेना, शेवटी तो स्वयंपाक करून भांडी दुसऱ्याला घासायला लावणारा माणूस.

ती भांडी घासणारी मी. हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागाची प्रमुख, एकतीस वर्षं. आमच्याकडे वाफेची तीन यंत्रं आहेत, दिवसभर फुसफुसतात आणि खडखडतात, म्हणून वरच्या मजल्यांवर माझं नाव भट्टीबाई. तोंडावर कुणी म्हणत नाही, एवढी अक्कल आहे लोकांना.

काम सोपं आहे, म्हणूनच माणसं ते चुकवतात. हत्यारं येतात, ती धुवायची, तपासायची, छापील यादीप्रमाणे ट्रेमध्ये लावायची, कापडात गुंडाळायची आणि वाफेच्या पोटात घालायची. यादीच्या तळाशी सह्यांचे दोन रकाने असतात. पहिली सही ज्याने सेट लावला त्याची. दुसरी सही दुसऱ्या माणसाची, ज्याने कोऱ्या डोळ्यांनी सगळं पुन्हा पाहिलं. नियम चांगला आहे. मीच करून घेतलाय.

पहिली सही माझी असायची. दुसरी भाऊंची. भाऊ म्हणजे माझे सहकारी, माझ्याच वयाचे, शांत, पानावर वाढलेलं मुकाट्याने खाणारे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी सुया धरायचा चिमटा नसलेला सेट वर पाठवला आणि पोट उघडं ठेवून मोठ्या सर्जननी मला फोनवर जे ऐकवलं, ते मी अजून विसरलेले नाही. त्या दिवसापासून मी भाऊंना लावलेल्या सेटकडे बघू दिलं नाही. सेट मी आतल्या खोलीत, दार लावून, एकटीने लावायचा. मग यादी दारातून बाहेर धरायची आणि म्हणायचं, "भाऊ, इथे." भाऊ खिशातून पेन काढायचे आणि न बघता सही करायचे. हळूहळू सगळं हॉस्पिटल त्यांनाच "दुसरी सही" म्हणायला लागलं. ते हाकेला ओ द्यायचे. मला यात काहीही वावगं वाटलं नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि आमच्या म्यानात तर दीडच होती.

तर त्या दिवशी सकाळी माझं पोट दुखत होतं. आदल्या संध्याकाळी बेंबीभोवती सुरू झालं, मी कँटीनवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आम्लपित्ताची गोळी घेतली आणि झोपले. सकाळी दुखणं उजवीकडे खाली सरकलं होतं. चहाचा घोट नको वाटला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण चहा नको म्हणणारी मी नव्हे. आमचे हे मोटार चालवायला शिकवतात. त्यांच्या बाजूला जादा ब्रेक असतो, त्यामुळे घरातही सगळं थांबवायची सवय. "जाऊ नकोस आज," ते म्हणाले. मी गेले. मी नसले तर विभाग बुडेल, अशी माझी खात्री होती.

दुर्बिणीच्या ऑपरेशनचे आमच्याकडे दोनच सेट, दोन नंबर आणि तीन नंबर. एक नंबर केव्हाच भंगारात गेला. दोन नंबर वर कुणाच्या तरी पित्ताशयात गुंतला होता. मी तीन नंबर लावायला घेतला. कात्री, पकडी, भोकं पाडायच्या नळ्या, असं करत हुकापाशी आले. हा हुक म्हणजे हातभर लांब बारीक सळई, टोकाला आकडा. आकड्यातून वीज जाते, ती आतलं कापते आणि रक्तही थांबवते. बाकी सळईवर काळं आवरण असतं. त्या आवरणाला केसाएवढी भेग पडली तर वीज तिथूनही निसटते. कॅमेरा बघत असतो टोकाकडे, आणि मागे आतड्याला चटका बसतो. कुणाला पत्ता लागत नाही. चार दिवसांनी पेशंट तापाने फणफणून परत येतो, आणि सगळेच परत येत नाहीत.

म्हणून प्रत्येक वेळी हुक तपासायचा. त्याचं यंत्र आहे, मुठीत मावेल एवढं, पुढे कडी. कडी सळईवरून सरकवायची, भेग लागली की यंत्र बारीक शिटी मारतं. पूर्वी लाल दिवाही लागायचा. तो गेला तेव्हा मी मागणी टाकली, वरून उत्तर आलं, "वाजतंय ना?" वाजत होतं, मग काय बोलणार.

त्या सकाळी हुक हातात घेतला आणि पोटात अशी कळ आली की मी टेबलाची कड धरून बसले. डोळ्यांपुढे अंधारी. मग उठले, यादी पूर्ण केली, सही केली, दार किलकिलं करून भाऊंना "इथे" म्हटलं, आणि त्यांनी सही करताच मोरीत जाऊन ओकले. भाऊंनी पाठीवर हात ठेवला नाही, तेवढी आमची ओळख नव्हती. पण सेट वाफेत सरकवला, चाकाची खुर्ची आणली आणि मला अपघात विभागात ढकलत नेलं. एकतीस वर्षांत मी पहिल्यांदा लिफ्टने वर जात होते ती बसून.

तिथल्या हाडकुळ्या डॉक्टरने माझं पोट हळूच दाबलं. विशेष काही नाही. मग झटकन हात काढला आणि मला माझे स्वर्गवासी वडील दिसले. "अपेंडिक्स," तो इतक्या आनंदाने म्हणाला, जणू मुलगाच झालाय. रक्त काढलं, सोनोग्राफी झाली. अपेंडिक्स सुजून टम्म, अजून फुटलेलं नाही, पण दुपारपर्यंत काढलेलं बरं.

सर्जनबाई आल्या. ही एकटीच सर्जन जी हत्यारं ओल्या कापडात ठेवून खाली पाठवते, म्हणजे आईने वळण लावलेलं. हातात संमतिपत्र. न वाचता सही करणं माझ्या रक्तात नाही. मी पानन् पान वाचलं, त्या उभ्या राहिल्या, आमचे हेही येऊन उभे राहिले. पेन टेकवताना मी सहज विचारलं, "सेट कुठला घेताय?"

"तीन नंबर. आत्ताच भट्टीतून निघालाय. तुमचीच सही आहे, म्हणजे प्रश्नच नाही."

मी पेन उचललं. हुकापुढे मी बरोबरची खूण केली होती, ती डोळ्यांपुढे दिसत होती. हुकावरून कडी सरकवल्याचं मात्र काही केल्या आठवेना. कळ येण्याआधी सरकवली? नंतर? की मुळीच नाही? खूण आठवते, काम आठवत नाही. आता बोलावं तर एकतीस वर्षांचं नाक कापलं जाणार, न बोलावं तर आतडं भाजायची भीती. दोन्ही माझंच.

तुम्हाला वाटेल, शहाणी बाई लगेच बोलली असेल. मी म्हटलं, "मला मोठा चिरा द्या."

"काय?"

"जुन्या पद्धतीने. सरळ उघडून कापा. ते दुर्बिणीचं थेर नको."

"बाई, तीन भोकं पाडायची," सर्जनबाई लहान मुलाला सांगावं तशा म्हणाल्या. "एक बेंबीत, दोन खाली. परवा घरी जाल. चिरा दिला तर आठवडाभर वाकून चालाल."

"चालेन. मला वाकून चालायची हौस आहे."

"हिला?" आमचे हे म्हणाले. "डॉक्टर, ही माझ्या आईपुढे कधी वाकली नाही. हिच्या डोक्यात ताप गेलाय."

"तुम्ही गप्प बसा हो."

सर्जनबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. "भीती वाटते का? ते साहजिक आहे."

कुणी मला घाबरट म्हणावं, हे मात्र मला सोसेना. खोटारडी म्हटलेलं चाललं असतं. "भीती कसली? तो सेट उघडू नका, एवढंच," मी म्हणाले. आणि मग सांगून टाकलं. हुक तपासल्याचं आठवत नाही. खूण केली तेव्हा मी टेबल धरून उभी होते.

"पण दुसरी सही आहे की," सर्जनबाई म्हणाल्या. "त्यांनी पाहिलं असेल."

भाऊ दारातच उभे होते, चाकाच्या खुर्चीची मूठ धरून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं. ते जमिनीकडे बघत राहिले आणि माझी मान खाली गेली.

"ते बघत नाहीत," मी म्हणाले. "मी बघू देत नाही. सही तेवढी घेते."

"किती दिवस?"

"नऊ वर्षं."

मला लाज वाटली. पोटातल्या कळेपेक्षा ती जास्त दुखली. सर्जनबाईंनी डोळे मिटले, उघडले. "आधी अपेंडिक्स," त्या म्हणाल्या. "भांडण नंतर. बरी झालात की नीट भांडते." मग त्यांनी सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू करायला सांगितलं. दोन नंबरचा सेट पित्ताशयातून सुटला होता. तो धुऊन, तपासून, वाफेतून काढायला दोन तास लागणार होते, आणि तेवढं अपेंडिक्स दम धरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. तीन नंबरला लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचं ठरलं.

"त्याला कुणी हात लावायचा नाही," मी भाऊंना ओरडून सांगितलं. "तो मीच उघडणार. मी तपासला होता की नाही, ते मलाच बघायचंय."

"बरं बाई," भाऊ म्हणाले. सुंभ जळला तरी माझा पीळ कायम होता, त्यांना त्याचं नवल नव्हतं.

पाऊण तासाने भाऊ परत आले, हातात यादी. दोन नंबरचा सेट त्यांनी लावला होता. पहिल्या रकान्यात त्यांची सही, ठसठशीत, शाई अजून ओली. नऊ वर्षांत ती सही त्या रकान्यात बसलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी यादी माझ्या छातीवर ठेवली आणि पेन पुढे केलं.

"दुसरी सही लागेल. विभागात तुम्ही आणि मी, दोघंच."

"पेशंट सही करतो का कधी?" सलाईन बघायला आलेली नर्सबाई म्हणाली.

"नियमात ‘विभागाचा कर्मचारी’ लिहिलंय," भाऊ म्हणाले. "अपेंडिक्ससह की विना, ते लिहिलेलं नाही."

"सेट कुठाय?" मी विचारलं.

"खाली."

"मग आणा वर. बघितल्याशिवाय मी सही कशी करू?"

माणूस ओरडला तर ओरडता येतं, गप्प बसला तर काय करायचं? भाऊ पेन धरून उभे होते, आणि त्यांचा हात जरासुद्धा हलत नव्हता.

"हुक तपासलात?"

"दोनदा."

"सुयांचा चिमटा?"

"दुर्बिणीच्या सेटमध्ये तो चिमटा नसतो, बाई. तुम्हाला माहीत आहे."

मी सही केली. न बघता. माझ्याच पोटात जाणाऱ्या अठरा हत्यारांच्या यादीवर, आडवी पडून, वाकडीतिकडी. नर्सबाईने संमतिपत्रही त्याच दमात पुढे केलं, त्यावरही केली. भाऊ यादी घेऊन गेले आणि आमचे हे मला म्हणाले, "लग्नात तरी एवढा विश्वास टाकला होतास का माझ्यावर?" मी म्हटलं, तेव्हा मी तुम्हाला नीट तपासून घेतलं होतं.

ऑपरेशनचं मी काय सांगणार, मी झोपले होते. भूल देणाऱ्याने दहापासून उलटे आकडे म्हणायला सांगितले, सातापर्यंत पोचल्याचं आठवतं. नंतर सर्जनबाईंनी सांगितलं ते असं: बेंबीतून सुई घालून पोटात वायू भरला, पोट फुगलं, आत कॅमेरा सोडला, खालच्या दोन भोकांतून पकड आणि हुक. अपेंडिक्स मोकळं केलं, बुडाशी दोन फास आवळले, कापलं आणि छोट्या पिशवीत घालून बेंबीतूनच बाहेर काढलं. बत्तीस मिनिटं. मला माझं अपेंडिक्स बरणीत दाखवलं. एवढंसं, लालभडक, फुगलेलं. एवढ्याशा वस्तूने एवढ्या मोठ्या बाईचा माज उतरवला.

पोटापेक्षा खांदा दुखला, तो उरलेल्या वायूमुळे दुखतो म्हणे. वॉर्डात झोप मात्र छान लागली. शेजारची बाई सकाळी कुरकुरली की सलाईनच्या यंत्राने डोकं उठवलं, आणि सिस्टर मला येऊन ओरडली, "संपल्यावर हाक मारायची ना!" सिस्टर लोक ओरडतातच, मी मनावर घेतलं नाही. माझ्या डोक्यात दुसरंच होतं. तीन नंबरचा हुक. पडल्या पडल्या त्या सकाळचा एकेक क्षण उलगडून बघत होते. तपासला असेल तर मी खरी, एका कळेने विसरले एवढंच. नसेल तपासला तर त्या खुणेबरोबर एकतीस वर्षांची प्रत्येक खूण खोटी. सर्जनबाई येऊन भांडून गेल्या, ठरल्याप्रमाणे, पंधरा मिनिटं. मी एकदाही उलट बोलले नाही, तेव्हा त्यांनी घाबरून माझा ताप बघितला.

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. आमचे हे पिशवी घेऊन फाटकाकडे निघाले, मी तळघराकडे.

"वेडी आहेस का? टाके ओले आहेत."

"पाच मिनिटं."

भाऊंनी शब्द पाळला होता. तीन नंबर माझ्या टेबलावर, आतल्या खोलीत, लाल चिठ्ठीसकट. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी म्हटलं, "आत या भाऊ. समोर उभे राहा. साक्षीदार पाहिजे." ते आत आले, मागोमाग आमचे हेही. दार लोटलं तसा भट्ट्यांचा खडखडाट बाहेर राहिला.

मी कापड सोडलं, हुक काढला, दिव्याखाली धरला. आवरण काळं, गुळगुळीत, नजरेला एक ओरखडा नाही. यंत्र सुरू केलं. कडी मुठीपासून सरकवत टोकापर्यंत नेली, सावकाश, आणि तशीच परत आणली. मग पुन्हा. खोलीत चिडीचूप. माझा जीव असा भांड्यात पडला की मी हसले, आणि बेंबीतला टाका खेचला गेला.

"बघा!" मी म्हणाले. "तपासला असो नसो, हुक शाबूत आहे. वाजलं का काही?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. आमच्या ह्यांचं तोंड उघडं होतं.

"बाई," भाऊ म्हणाले, "वाजतंय."

"कुठे वाजतंय?"

"आत्ता. अजून वाजतंय."

मी यंत्र कानाला लावलं. काही नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षांत माझ्याविरुद्ध कधी साक्ष दिली नाही, त्याने मान हलवली. भाऊंनी माझं बोट धरलं आणि यंत्राच्या बारीक जाळीवर टेकवलं. बोटाखाली जाळी थरथरत होती. त्यांनी कडी दोन बोटं पुढे सरकवली, थरथर थांबली. मागे आणली, पुन्हा सुरू झाली. भेग मुठीजवळच्या वळणावर होती.

एकतीस वर्षं भट्ट्यांशेजारी काढली होती. कान असे गेले की जाताना सांगूनसुद्धा गेले नाहीत. माणसांचं बोलणं ऐकू यायचं, तेवढ्यावर सगळं ठीक समजत होते. त्या सकाळी मी हुक तपासला होता की नाही, हा प्रश्नच आता उरला नव्हता. तपासला असता तरी मी बरोबरचीच खूण केली असती. दार लावून, एकटीने, मोठ्या काळजीने.

मला भीती वाटली. ऑपरेशनला जाताना वाटली नव्हती एवढी. मी खाली बसले.

"किती जण?" मी म्हणाले.

बाहेरचा माणूस येऊन यंत्रं आणि हत्यारं तपासून गेला होता त्याला चार महिने झाले होते. तेव्हा हुक चांगला होता. भाऊंनी रजिस्टर काढलं, सर्जनबाईंना खाली बोलावलं. चार महिन्यांत तीन नंबर एकोणतीस पोटांत गेला होता. सर्जनबाई वहीवर बोट फिरवत गेल्या, एकेक नाव, एकेक तारीख. सव्वीस जण टाके दाखवून, ठणठणीत होऊन गेले होते. तिघं परत आलेच नव्हते.

फोन मी लावला नाही. पलीकडचं मला ऐकू आलं असतं बहुधा, पण बहुधावर मी कधी सही केलेली नाही. भाऊंनी लावला. पहिली बाई घरीच होती, मुलांवर ओरडत होती, बरी होती. दुसरा माणूस म्हणाला, दुकान सोडून यायला वेळच मिळाला नाही, बाकी मजेत. तिसरा फोन वाजत राहिला. बंद झाला. भाऊंनी पुन्हा लावला. मी त्यांच्या चेहऱ्यावर डोळे रोवून बसले, पोटावर हात दाबून, आणि आमचे हे माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. भाऊ एकदम ताठ झाले. काहीतरी विचारलं. ऐकून घेतलं. पुन्हा विचारलं, ताप आला होता का, पोट दुखलं का, नीट जेवता ना. त्यांना कसलीच घाई नव्हती. मग फोन ठेवला.

"बरे आहेत," ते म्हणाले. "गावाला गेले होते, म्हणून आले नाहीत."

नऊ वर्षांत पहिल्यांदा भाऊंनी मला काहीतरी तपासून सांगितलं, आणि मी ते पुन्हा तपासलं नाही.